अठरा वाव

आम्ही सात बंगल्याला राहायला आलो तेव्हा मी तिसरीत होते. त्या वर्षापासून वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारावर यायची. बोंबील, मांदेली, करंदी, पावसाळ्यात सुका जवळा. आई वाटा बघून भाव करायची, मावशी दारातच बसून बोंबील साफ करून द्यायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि पुढच्या बिल्डिंगकडे वळायची. वीस वर्षं मी तिला असं पाहत आले. तिचं घर मात्र मी पाहिलं नव्हतं. जेट्टी आमच्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, पण मढला जाणाऱ्या फेरीबोटीत बसण्यापुरतीच मला ती माहीत होती.

आज मी जे काम करते ते माणूस आणि संगणक यांच्यातल्या संवादाचं. फोनच्या पडद्यावर काय, कुठे आणि कोणत्या शब्दांत असावं, माणूस बोलला तर यंत्राने ते कसं समजून घ्यावं, असं हे काम आहे. त्यातलं जे थोडंफार मला कळतं, ते मुख्यतः या मावशीने, तिच्या दिराने आणि सुनेने शिकवलं. माझ्या कुठल्याच अहवालात त्यांचा उल्लेख आलेला नाही. तो इथे तरी यावा, म्हणून लिहिते आहे.

आधी आणखी एका देण्याबद्दल सांगायला हवं. कॉलेजात असताना संगणकावर मी मराठी लिहायला लागले ती ‘मंगल’ या अक्षरवळणात. विंडोज २००० पासून ते विंडोजबरोबर आयतं यायचं. मंगलमध्ये मी पत्रं लिहिली, मित्रमैत्रिणींची प्रोजेक्टं टाइप करून दिली. ही अक्षरं कुणीतरी काढली असतील, हा विचार एकदाही मनात आला नाही. २००८ साली र. कृ. जोशी गेल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा कळलं, की मंगल त्यांचं. पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं आणि नंतर जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत बसून भारतीय लिप्या संगणकात नीट याव्यात म्हणून काम केलं. गुलमोहर क्रॉस रोडवरच्या त्या संस्थेवरून मी कितीदा रिक्षाने गेले असेन. १९८५ साली श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. भारतीय भाषा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरचं देशातलं सुरुवातीचं बरंच काम तिथे झालं. मी इंजिनियर झाले होते, आणि माझ्या घराजवळ हे काम चालू होतं याचा मला पत्ता नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मी ‘क्ष’ मोठा करून, त्याची गाठ कुठे वळते ते पडद्यावर नीट पाहिलं.

पण बातमी वाचून माणूस बदलत नाही. मीही बदलले नाही.

२०१४ साली मी एका छोट्या कंपनीत होते. मच्छीमारांसाठी मोबाइल ॲप करायचं ठरलं आणि वर्सोव्याची म्हणून ते माझ्याकडे आलं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने मोजलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून, मासे कुठे जमण्याची शक्यता आहे त्याची सूचना काढते. बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली असं सगळं त्यात असतं. ती माहिती घेऊन सुंदर नकाशावर दाखवायची, अशी आमची कल्पना होती. चार महिने मी रात्री जागून ते ॲप केलं. मग दाखवायला माणसं हवीत म्हणून मावशीला विचारलं आणि तिने मला तिच्या दिराकडे नेलं. तो तांडेल होता, म्हणजे बोटीचा म्होरक्या.

जेट्टीवर, ओल्या दोरखंडांच्या ढिगाशेजारी त्याने फोन हातात घेतला. पडद्यावर होतं: दिशा २५५ अंश, अंतर ४२ ते ४७ किलोमीटर, खोली ३३ ते ३६ मीटर. त्याने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “वाव किती?”

मला वाव माहीत नव्हता. त्याने फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात बाजूंना ताणून पसरले. या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायची आणि वर ओढताना असे हात भरत मोजायचं. साधारण सहा फूट. मी कॅल्क्युलेटर काढला. अठरा ते वीस वाव आले. त्याने मान हलवली. त्या भागातला तळ कसा आहे, चिखल की खडक, हे त्याने न बघताच मला सांगितलं. मग शांतपणे म्हणाला, “पण आपली डोल हाय गो बाय.”

त्याचाही अर्थ मला नंतर कळला. डोल हे पिशवीसारखं जाळं. ते ठरलेल्या जागी, प्रवाहाकडे तोंड करून बांधायचं. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येते, पाणी वळायच्या सुमाराला जाळं उचलायचं. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, लहानपणापासून आमच्या ताटात आलेलं सगळं याच जाळ्यातलं. मासे कुठे आहेत याच्यामागे डोलकर धावत नाही. त्याला ओढ कधी जोरात असेल ते हवं असतं. ते तो तिथीवरून ओळखतो. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे ओढ कमी. माझ्या ॲपमध्ये तारीख होती, तिथी नव्हती. इन्कॉइसची सूचना चुकीची नव्हती. खोल पाण्यात मासळीमागे फिरणाऱ्या बोटींना ती उपयोगी पडते. मी ती ज्याच्या हातात ठेवली होती तो कोण आहे, काय करतो, हेच मी विचारलं नव्हतं.

तिथे थांबून मी चार प्रश्न विचारायला हवे होते. त्याऐवजी ऑफिसात जाऊन अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: ‘वापरकर्त्यांची डिजिटल साक्षरता कमी असल्याने स्वीकार मर्यादित राहिला.’ समुद्राचा तळ न पाहता सांगणाऱ्या माणसाबद्दल मी हे लिहिलं. ते वाक्य सगळ्यांना सोयीचं वाटलं, प्रकल्प बंद झाला आणि वर्सोव्याला पुन्हा कुणी काही विचारायला गेलं नाही. याची टोचणी मला आजही आहे.

त्या वाक्यातली चूक दाखवणारं पुस्तक पुढच्या वर्षी एका कार्यशाळेत हाती आलं. ल्यूसी सचमन या मानववंश अभ्यासक बाईंनी १९८७ साली ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्या काम करत. तिथल्या नव्या कॉपी मशीनबद्दल ते फार अवघड आहे अशी तक्रार होती. सचमननी माणसं ते वापरताना कशी अडतात याचं चित्रण केलं. एका चित्रफितीत दोन विद्वान पाठपोट प्रती काढण्यासाठी मशीनशी झटताना दिसतात. त्यांतले एक ॲलन न्यूएल, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संस्थापकांपैकी, संगणकशास्त्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक मिळालेले. त्यांना कुणी निरक्षर म्हणणार नव्हतं. माणूस पुढे काय करेल याचा एक आराखडा मशीन धरून बसलं होतं आणि समोरचा माणूस खरंच काय करतो आहे ते त्याला दिसत नव्हतं. ते वाचताना मला कॉपी मशीन दिसेना. दोरखंडांच्या ढिगाशेजारी मांडीवर फोन ठेवून बसलेला तांडेल दिसत राहिला.

मी मावशीकडे परत गेले. तेव्हा १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी चालू होती. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, घराघरात जाळी विणायला काढलेली. या खेपेला मी काही दाखवायला नेलं नव्हतं. मी माफी मागितली. मावशीला ती कशाबद्दल हे नीट कळलं नसावं. तिने चहा टाकला. त्या दोन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी मी तिच्या ओट्यावर बसायचे आणि ती फोन कसा वापरते ते फक्त बघायचे.

तिला वाचता येत नव्हतं. नातवाने नंबर भरून दिलेले. बर्फवाला वरून चौथा, लिलाववाला सातवा, लेक सगळ्यात खाली. बोटाने मोजत ती खाली यायची आणि कधी चुकायची नाही. मग तिने माझं जुनं ॲप उघडून दाखवलं. तिने ते ठेवलं होतं, मी केलं म्हणून. त्यातही बर्फ, डिझेल, लिलाव यांचे नंबर होते. पण मी त्यात थोडी हुशारी घातली होती: जो नंबर जास्त वापराल तो आपोआप वर येईल. ॲप तुमची सवय शिकतं, असं मी तेव्हा अभिमानाने सांगायचे. मावशी चौथ्यावर बोट ठेवायची आणि फोन भलत्यालाच लागायचा. तिचं ज्ञान जागेत होतं, आणि मी जागाच हलवत होते.

यंत्राने माणसाची सवय ओळखून स्वतः बदलावं, की माणसाच्या हातात स्थिर, ओळखीचं असं काही द्यावं, या प्रश्नावर बेन श्नायडरमन आणि पॅटी मेस या संशोधकांनी १९९७ साली जाहीर वाद घातला होता. संशोधनातला तो वाद आजही मिटलेला नाही. मी तो वाचला होता. मावशीचं बोट चौथ्या ओळीवर अडलेलं पाहिलं तेव्हा मला तो समजला. पवईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रांगोळी’ नावाची फोनवही त्याआधीच करून पाहिली होती, ज्याला वाचता येत नाही त्याला रंग, चित्र आणि जागा यांवरून नंबर सापडावा म्हणून. तेही मला फार उशिरा कळलं.

मावशीची सून सातवीपर्यंत शिकलेली. ती आमच्याशेजारी बसून जाळं विणायची आणि ऐकायची. एक दिवस म्हणाली, मला फोनवर मराठी लिहायचंय, पण इंग्रजीतून विचार करावा लागतो. माझ्या ॲपमध्येही मी तेच ठेवलं होतं. मराठी शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाइप करा. मी तिच्या फोनवर ‘स्वरचक्र’ घातलं. हा कळफलक पवईच्या त्याच मंडळींनी २०१३ साली आणला. त्यात अक्षरं आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लावलेली आहेत. क ख ग घ एका ओळीत, त थ द ध एका ओळीत. तिने ‘स’वर बोट ठेवलं आणि भोवती सा, सि, सी, सु, सू असं चक्र उघडलं. बोट ‘सु’कडे सरकवून सोडलं, मग र, मग म, मग ई. सुरमई. मी काहीही समजावलं नव्हतं. ती म्हणाली, ही तर बाराखडी आहे. जाळं बाजूला ठेवून तिने त्या दुपारी घरातल्या सगळ्यांची नावं लिहिली. बाराखडी मलाही पहिलीपासून येत होती. ती कळफलक होऊ शकते, हे मात्र सुचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचा जुना परिसर आमच्या सात बंगल्याला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र तिथेच. किनाऱ्यावरची जाळी, मोसम, मासळी यांचा कित्येक वर्षांचा अभ्यास असलेले लोक तिथे बसतात. टीसीएसच्या संशोधकांनी मच्छीमारांपर्यंत मोबाइलवरून मराठीत सूचना पोचवायचं ठरवलं तेव्हा ते या केंद्राला बरोबर घेऊन रायगडच्या किनाऱ्यावर गेले. मी त्या फाटकासमोरच्या बसस्टॉपवर रोज उभी राहत होते. आत जाऊन डोल म्हणजे काय एवढं विचारलं असतं, तरी ते अहवालातलं वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं नसतं.

आता काम बोलण्याचं आहे. लिहिण्यावाचण्याची अट न घालता माणसाने आपल्या भाषेत बोलावं आणि यंत्राने समजून घ्यावं, या दिशेने खूप प्रयत्न चालू आहेत. सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ पासून आहे. लोकांनी आपला आवाज द्यावा म्हणून त्यात ‘भाषादान’ आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन, चित्रं दाखवून माणसांना बोलतं करतो. चित्र दाखवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. लिहिलेलं वाक्य वाचायला दिलं की माणूस पुस्तकासारखं बोलतो. चित्र दाखवलं की घरच्यासारखं.

गेल्या हिवाळ्यात मी मावशीच्या ओट्यावर एक साधी चाचणी करून पाहिली. ती बोलेल, फोन लिहील, सून वाचून दाखवेल. मावशी आता पाटी घेऊन फिरत नाही, गुडघे गेले. तिने तिच्या बोलीत सांगितलं, ‘मना बरफ पायजे’, आणि पुढे म्हावऱ्याचं काही. फोनने भलतंच लिहिलं. सुनेने वाचलं तशी मावशी गप्प झाली. मग फोनकडे वाकून, एकेक शब्द तोडत, आईशी बोलताना बोलायची तसं बोलली, “मला... बर्फ... पाहिजे.” फोनने ते बरोबर लिहिलं. सून खूश झाली. माझ्या पोटात तुटलं. इतकी वर्षं आमच्या दारात मावशी तिची बोली बाजूला ठेवून आमच्यासारखं बोलत होती, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं.

मी म्हटलं, “मावशी, तू तुझंच बोल. चुकलं तर फोनचं चुकलं.”

त्यानंतर आम्ही चाचणी सोडून दिली आणि तिच्या परवानगीने नुसतं ध्वनिमुद्रण केलं. मी वाण्याकडच्या कॅलेंडरवरचं बोटीचं चित्र तिच्यापुढे धरलं. ती पाऊण तास बोलली. वाऱ्यांची नावं, नवरा दर्यात असताना रात्री कसली चाहूल घ्यायची, कोणत्या तिथीला बोंबील भरून यायचा. दीर आत येऊन बसला आणि मधेमधे तिला दुरुस्त करू लागला. पाणी किती खोल होतं ते सांगताना मावशीने “अवरा” म्हटलं आणि दोन्ही हात पसरले.

घरी येऊन मी ते ऐकलं. “अवरा” ऐकू येतं, मग थोडी शांतता आहे, लांबून फेरीबोटीचा भोंगा आहे. हात मुद्रणात आलेले नाहीत. मी वहीत त्या ठिकाणची मिनिटं-सेकंद लिहिली आणि पुढे लिहिलं: इथे मावशी वाव दाखवते आहे.