पाणी काढून दिलेली वाट

पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेली माणसं घरी गेल्यावर पाऊस सांगतात, जळवा सांगतात आणि चिखल सांगतात. चिखलाचं वर्णन घोट्यापासून सुरू होतं आणि सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणं कमरेपर्यंत चढतं. पण तो चिखल आभाळातून पडलेला नसतो. वाटेवरच तयार झालेला असतो, आणि बराचसा टाळता येण्यासारखा असतो.

माझी नोकरी वन खात्यात झाली. आधी राधानगरी-दाजीपूरकडं, मग पन्हाळ्याच्या बाजूला. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल होऊन निवृत्त झालो. वनरक्षक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गवा, बिबट्या, चोरटी तोड, रात्रीची गस्त असं काहीतरी येतं. ते सगळं होतंच. पण टिकाव-खोरं घेतलेल्या माणसांबरोबर एखाद्या चढावर उभं राहून ‘पाणी कुठनं काढायचं’ याचा काथ्याकूट करण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा चोर पकडण्यात नक्कीच गेला नाही.

वाट म्हणजे शेवटी डोंगराच्या अंगावर पायांनी पाडलेली खाच. रानात पडलेलं पाणी गवतात अडतं, पाचोळ्यात मुरतं, सावकाश उतरतं. खाचेत आलं की त्याला अडवणारं कुणी नाही. दहा-बारा पावलांत ते वेग धरतं, वेग धरला की माती उचलतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ करतं. उतार संपून सपाटी लागली की हीच माती गाळ होऊन बसते. त्यावर पाय पडले, की झाला चिखल. मग चालणारा बूट वाचवायला बाजूच्या गवतावर पाय देतो. मागचा त्याच्याच मागनं जातो. गवत मरतं, तिथंही चिखल होतो, आणि त्याच्या मागचा आणखी बाहेरनं वळसा घालतो. दोन हातांची वाट बघता बघता बैलगाडी जाईल एवढी रुंद होते. म्हणजे कपडे सांभाळून चालणारा सभ्य माणूसच वाटेचं जास्त नुकसान करतो. चिखलातनं सरळ फतक फतक करत शाळेला जाणारं वाडीतलं पोरगं तिचं काही बिघडवत नाही.

उपाय जुनाच आहे. वाटेला दरीच्या अंगाला किंचित उतार ठेवायचा, म्हणजे वरनं आलेलं पाणी वाट आडवी ओलांडून खाली जातं, वाटेची लांबी धरून वाहत नाही. हा उतार डोळ्याला जेमतेम दिसावा, पायाला जाणवू नये. चालणाऱ्यांच्या पायांनी बाहेरच्या काठावर मातीची वरंबी उठते आणि तीच पाणी आत अडवून धरते. ती दरवर्षी खोऱ्यानं पाडायची. जिथं चढ जास्त, तिथं नुसत्या उतारानं भागत नाही. तिथं वाटेत तिरका दगडी आडबांध घालावा लागतो.

हा आडबांध घालायला मी आबांकडून शिकलो. आबा आमच्याकडं वनमजूर होते. हुद्द्यानं मी वरचा, कामात ते. दगड निवडण्यातच त्यांची अर्धी सकाळ जायची. जांभा नको, तो झिजतो आणि कोपरे सोडतो. काळा, लांबट दगड पाहिजे, आणि तोही असा की दोघांनी पहारीनं लोटता यावा, पण एकट्याला उचलता येऊ नये. एकट्याला उचलता येणारा दगड म्हशीच्या पायानं निघतो, हे त्यांचं शास्त्र. वाटेत तिरका चर खणायचा. पहिला दगड खालच्या, दरीकडच्या टोकाला बसवायचा आणि तिथनं वर यायचं, म्हणजे प्रत्येक दगड खालच्याला टेकतो. दगडाचे दोन भाग जमिनीत, एक भाग वर. फटीत खडी कुटून भरायची, माती नाही. माती पहिल्याच पावसात जाते. चर काटकोनात घातला तर मागं गाळ साठतो आणि पाणी दगडावरनं उडी मारून पुन्हा वाटेला लागतं. फार तिरका घातला तर पाणी दगडाच्या बुडाशीच खणत बसतं. या दोन्हींच्या मधला कोन आबा नजरेनं धरायचे. मी एकदा दोरी-खुंट्या घेऊन बसलो, तर ते तंबाखू मळत शांतपणे बघत राहिले.

दगड बसला की त्यावर उभं राहून टाचांवर डोलायचं. जरा जरी हलला तर ते म्हणायचे, “साहेब, ह्यो काय ऱ्हात न्हाई. काढा.” आणि तासाभराचं काम उकरून पुन्हा सुरू. सगळं झालं की वरनं घागरभर पाणी ओतायचं. पाणी कुठं रेंगाळतं, कुठं वळतं, ते बघायचं. पण खरं काम दगडांच्या पुढं असतं, पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी. ते तोंड सुपासारखं पसरट आणि उतरतं पाहिजे. चिंचोळं ठेवलं तर पाचोळ्याची एक गुंडाळी त्याला बुजवायला पुरते. बहुतेक आडबांध दगड निघून मरत नाहीत, तोंड बुजून मरतात. आणि तोंड मोकळं करायला एका माणसाला खोऱ्याचे चार हात पुरतात. फक्त ते वेळेवर मारणारं कुणीतरी पाहिजे.

चढ कसा घ्यावा हे मात्र गव्यांनी शिकवलं. राधानगरीचं जंगल शाहू महाराजांच्या काळात संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. 1958 साली ते दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. 1985 मध्ये हद्द वाढून ते 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं गस्तीची वाट आखायची झाली की आम्ही आधी गव्यांची वाट शोधायचो. एवढं धूड, पण ते चढ सरळ अंगावर घेत नाही. कळप डोंगराला तिरका भिडतो, ओढा ओलांडताना जिथं कातळ आहे तिथंच ओलांडतो, आणि दलदलीला लांबूनच वळसा घालतो. आमच्यासारखी घाई त्याला नसते. माणूस मात्र दमलेला असला तरी वळण तोडून सरळ खाली उतरतो, आणि त्याची ती आडवाट पुढच्या पावसाळ्यात ओढा होते. अशी आडवाट बंद करायला पाटी लावून उपयोग नाही. तिच्या तोंडाशी करवंदीच्या काटेरी फांद्या टाकायच्या, आणि मुख्य वाट इतकी सोयीची ठेवायची की वळण तोडावंसं वाटूच नये. पायरी विती एवढी उंच झाली की लोक तिच्या बाजूनं चालायला लागतात. हे कुठल्याही गडावर बघायला मिळेल.

मसाई पठाराचं गणित पुन्हा वेगळं. पन्हाळ्यावरनं उतरून म्हाळुंग्यापुढं चढून गेलं की हा जांभ्याचा विस्तीर्ण माळ लागतो. खाली पांडवदऱ्याची लेणी, वर मसाईचं देऊळ आणि चहूकडं धुकं. इथं माती बोटभर, कुठं तेवढीही नाही. त्या बोटभर मातीत श्रावण-भाद्रपदात गेंद उमलतात, सीतेची आसवं उमलतात. जांभ्यावर पाणी मुरत नाही, सबंध पठारावरनं पातळ पसरून वाहतं. तिथं चर खणणं म्हणजे गुन्हाच, कारण एकदा उकरलेली माती पुन्हा धरायला आपलं आयुष्य पुरणार नाही. तिथं एकच काम, लोकांना एका ओळीत ठेवायचं. धुक्यात वाट दिसली नाही की शंभर माणसं शंभर वाटांनी जातात. म्हणून ठरावीक अंतरावर दगडांची उतरंड रचायची, आणि एका उतरंडीवरनं पुढची दिसेल एवढंच अंतर ठेवायचं. अंतर स्वच्छ उन्हात मोजू नये. पावसात, डोक्यावर इरलं घेऊन मोजावं.

‘एवढा त्रास कशाला, सिमेंट ओता’ असं सांगणारे पुष्कळ. एका गडाच्या वाटेवर असं काम झालेलं मी बघितलंय. निधी मार्चअखेर संपवायचा होता. काँक्रीटची पट्टी सरळ उतारावर ओतली, पाणी काढून द्यायला जागा ठेवली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पट्टीच्या दोन्ही कडांनी घळी पडल्या, पट्टी मधोमध पुलासारखी लोंबकळत राहिली, आणि शेवाळ धरल्यावर लोक त्या घळींतनंच चालायला लागले. दगडाला माझा विरोध नाही. इंग्लंडात पेनाइन वे नावाची सव्वाचारशे किलोमीटरची पायवाट आहे, 1965 साली सुरू झालेली. तिथल्या दलदलीच्या माळांवर लोकांनी चालून चालून वाट अशीच रुंद केली होती. तेव्हा तिथल्या पाडलेल्या जुन्या कापड गिरण्यांच्या फरश्या हेलिकॉप्टरनं उचलून नेऊन माळावर एकेक मांडल्या. फरशीवरनं माणूस चालतो, बाजूला गवत पुन्हा धरतं. काम महाग, पण विचार आबांचाच.

आता अवघड गोष्टीकडं येतो. पन्हाळा-पावनखिंडीची ही वाट ज्या रात्रीसाठी ओळखली जाते ती 12 जुलै 1660 ची. सिद्दी जौहरचा वेढा, मुसळधार पाऊस, शिवाजी महाराज पन्हाळ्यावरनं निसटले, आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदल पडले. म्हणून मोहिमाही जुलैतच निघतात. हजारो पोरं पन्नासएक किलोमीटर चालतात. म्हाळुंगे, मसाई, कुंभारवाडी, खोतवाडी, मंडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी. वर्षातले नेमके असे दिवस, जेव्हा माती सर्वात मऊ असते आणि एका पावलाचं नुकसान उन्हाळ्यातल्या शंभर पावलांएवढं असतं. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंद करता येतं. ही वाट जुलैत बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लेंग्याचे पायचे खोचून, घोषणा देत जाणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं बघितली की वाटतं, डिसेंबरच्या गुलाबी थंडीत यांना बाजीप्रभू काय कळणार? पाऊस हवाच.

पण एका दिवशी सगळ्यांनी का? जुलै एकतीस दिवसांचा असतो. शनिवार-रविवार सोडून दोन गट आठवड्याच्या मधे गेले तरी वाटेला दोन दिवस निथळायला मिळतात. ओली माती निथळली की पुष्कळ सावरते. सतत तुडवली की तिची कणीक होते आणि मग ती पाणी आत घेतच नाही. मोठे गट शंभर-शंभरचे तुकडे करून सोडतात. त्यानं गर्दी विरळ दिसते, पायांची संख्या तेवढीच राहते.

2025 च्या जुलैत पन्हाळ्याचं नाव जागतिक वारशात आलं, मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांत. गर्दी वाढणार हे उघड आहे. गडावर गाड्यांची सोय होईल, पाट्या लागतील, फुटक्या रेनकोटांचे ढीग उचलायची व्यवस्थाही होईल. गडाखालच्या रानवाटेकडं बघायला कुणाला सवड मिळेल, याची मात्र मला शंका आहे.

कारण वाटेच्या कामाचं पंचांग कुणाच्याच सोयीचं नाही. खरा मुहूर्त पावसाळा सरताच. पाण्यानं कुठं खाल्लं, कुठं गाळ टाकला, त्याच्या खुणा ताज्या असतात आणि माती टिकावाला ओली मिळते. पण तेव्हा वाड्यांवर भातकापणी असते, माणूस मिळत नाही. भात घरात गेलं की ऊसतोड. मग खात्याची जाळरेषांची घाई, कारण पंधरा फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात आणि त्याआधी गवत कापून, जाळून पट्टे मोकळे करावे लागतात. ते संपेपर्यंत चैत्र येतो, जमीन दगड होते, टिकाव ठणठण वाजतो आणि आठवड्याचं काम महिनाभर चालतं. मंजुरी यायचीही तीच वेळ.

म्हणून मोहिमा काढणाऱ्या तालमी-मंडळांना मी एवढंच म्हणतो, “भावांनो, जुलैत पाचशे या, पण दिवाळीनंतरच्या एका रविवारी दहाजण या.” हसतात. काहीजण खरंच येतात. पहिल्या वर्षी आलेली पोरं फोटोसाठी मोठे दगड उचलायला धावतात. दुसऱ्या वर्षी आली तर आडबांधांची तोंडं मोकळी करत, फारसं न बोलता, ओळीनं पुढं सरकतात. दुपारी एखाद्या वाडीत पिठलं-भाकरी मिळते. घरातली मावशी विचारते, “रस्ता करालाय व्हय रं?” आणि पोरं म्हणतात, “न्हाई मावशी, पाणी काढालोय.”

करपेवाडीच्या अलीकडच्या चढावर आबांनी घातलेले आडबांध अजून आहेत. दगड एकही हललेला नाही. तोंडं बुजलीत, म्हणून पाणी पुन्हा वाटेवर यायला लागलंय. दोन खोरी आणि एक पहार तिथल्याच एका घराच्या पडवीत ठेवली आहे, कुणीही मागितली तरी मिळते.