दहा मिनिटांचे अभ्यंग

आमच्या मोतीच्या अंगाला वास येऊ लागला आणि घरात माझी पत खालावली. कारण कुत्रे पाळण्याचा हट्ट माझा! अंगावर तेलकट थर, केसांत कोंड्याचे पापुद्रे. पाहुणे आले की त्याची रवानगी गॅलरीत. मी माझ्याच साबणाने त्याला रोज खसखसून आंघोळ घातली. कातडी लाल झाली, कोंडा वाढला आणि बादली दिसताच मोती पलंगाखाली दडू लागला.

जनावरांच्या डॉक्टरांनी माझाच तास घेतला. निरोगी कुत्र्याची वरची त्वचा सुमारे 3 आठवड्यांत नवी होते. या विकारात ती फार घाईने झडते. कॉकर स्पॅनियल जातीत हा दोष पुष्कळदा उपजतच असतो. माणसाचा साबण त्यांना सोसत नाही. मुळाशी पिसवा, ॲलर्जी, थायरॉइड काहीही असू शकते. ते आधी शोधायचे. मोतीच्या त्वचेवर बुरशीही निघाली. आठवड्यातून दोनदा सौम्य औषधी शांपू लावायचा, फेस 10 मिनिटे अंगावर ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचे.

ती 10 मिनिटे महाकठीण! मोती थरथरे, निसटे. अखेर मी पाटावर बसून त्याच्याशी बोलू लागलो. प्राध्यापकाला विषयांची वाण कुठली? हळूहळू तो ऐकू लागला. वास गेला. विकार मात्र पुरता जात नाही, आटोक्यात राहतो.

गेल्या नरकचतुर्दशीला फटाक्यांना भिऊन मोती पलंगाखाली होता. माझ्या अभ्यंगाची बादली वाजली मात्र, स्वारी पाटाशी हजर! आतून आवाज आला, "अहो, आधी त्याला घाला. तुम्ही थांबाल 10 मिनिटे."