बॅनरवरचा डावा कोपरा

माझ्या पुतणीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड झाली आणि दुसऱ्याच दिवशी कळमनुरीच्या बसस्थानकासमोर तिचा बॅनर झळकला. ‘कळमनुरीची शान!’ खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. मलाही अभिमानानं भरून आलं.

पोरगी मात्र त्या रस्त्यानं जायचं टाळू लागली. “काका, काढायला सांगा ना तो बॅनर. मी अजून एक तरी मॅच खेळले का?” पुढं स्पर्धेत संघ पहिल्याच फेरीत हरला. ती परतली तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी पोरं ओरडली, “शान आली रे, शान आली!” त्यानंतर बरेच दिवस ती ग्राउंडवर फिरकली नाही.

ती डावा कोपरा खेळते. चढाईला आलेल्या खेळाडूचा पाय बोनस रेषेकडं सरकला की घोटा धरायचा, हे तिचं काम. आमच्याकडं सराव मातीवर, अनवाणी. स्पर्धेतले सामने मॅटवर, बूट घालून. मातीवर पाय थोडा सरकतो, मॅटवर बूट जागच्या जागी धरून ठेवतो आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. तिची पकड क्षणभर उशिरा पडत होती ती यामुळं. बॅनर लावणाऱ्यांपैकी कुणी हे तिला विचारलं नाही.

अशा वेळी मला पैलवान खाशाबा जाधव आठवतात. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर 7000 रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून त्यांच्या गोळेश्वर गावाला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला मिरवणुकीपेक्षा ते गहाणखत मोठं वाटतं, कारण ते पदकाच्या आधीचं आहे. खाशाबांनी पुढं कुस्त्या लावून प्राचार्यांचे पैसे फेडले. मिरवणूक काढणाऱ्या समाजाला मात्र त्यांचा पुरता विसर पडला. 1984 मध्ये ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.

म्हणून कॉलेजात खेळणाऱ्या पोरापोरींना हीरो करायची घाई मला पटत नाही. माझी पुतणी पहाटे पळते, दिवसा तास करते, अर्ध्या तिकिटात एसटीनं नांदेडचं विद्यापीठ गाठते. ती अजून शिकतेय, खेळही आणि अभ्यासही. शिकणाऱ्याला चुकायची मुभा लागते आणि चौकात फोटो लागला की ती मुभाच सगळ्यात आधी जाते.

बॅनर लावणाऱ्या मित्रमंडळींच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. त्यांना हात जोडून एवढंच मागणं आहे: पुढच्या बॅनरचे पैसे सरावासाठी मॅट घ्यायच्या वर्गणीत द्या. जुनी, वापरलेली मॅटसुद्धा चालेल.