आजोबांचा वस्तरा

सकाळी बेसिनपुढे लाईन लावून यूज-अँड-थ्रो रेझरने गाल खरवडणाऱ्या आपल्यासारख्यांना वस्तरा माहीत असतो तो सलूनमधला, अर्धं ब्लेड घालायचा. खरा वस्तरा म्हणजे अखंड पोलादाचं पातं. त्याला धार लावावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत असा एक मी घरी बसून दुरुस्त केला. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!)

वस्तरा आजोबांचा. ते गावात न्हावीकाम करायचे. घरं ठरलेली, रोख पैसा नाही; सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, ते बलुतं. बाळाचं जावळ असो की सुतकातलं मुंडण, बोलावणं त्यांनाच. हे सगळं आजीने सांगितलं. बाबांनी कधीच नाही. आमच्या घरी हा विषयच निघत नसे. वस्तरा ट्रंकेच्या तळाशी, धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला.

पात्याच्या मुळाशी 'सोलिंगेन' कोरलेलं. हे जर्मनीतलं गाव चाकू-वस्तऱ्यांसाठी जुनं नावाजलेलं. पण अवस्था म्हणाल तर भयंकर! पातं गंजलेलं आणि टोकाजवळ धारेला दीड मिलिमीटर खोल खाच. मूठ शिंगाची, ती मात्र तेल चोळल्यावर चकाकली.

शेजारचे काका म्हणाले, "ग्राइंडरवर धर, दोन मिनिटांचं काम." आता मटेरियल सायन्सचा पेपर आपण सगळ्यांनीच रडत-रडत काढलाय, पण इथे तो उपयोगी पडला. कडक केलेलं पोलाद २०० अंशांच्या वर तापू लागलं की मऊ होत जातं, आणि वस्तऱ्याची धार इतकी पातळ की ग्राइंडरवर ती क्षणात तापते. निळा रंग दिसला म्हणजे ३०० च्या आसपास पोचली. मग तिथे धार टिकत नाही. म्हणून सगळं हाताने, पाणी घालून.

आधी खाच संपेपर्यंत पातं दगडावर उभं धरून पाव कापल्यासारखं ओढलं. जिवावर येतं हो! चांगली धार आपल्या हाताने बोथट करायची. रुंदी १७ मिलिमीटर होती, ती साडेपंधरा उरली. त्यानंतर खरी धार. वस्तऱ्यात एक गंमत आहे. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायच्या, की कोन आपोआप ठरतो. पाठ साडेचार मिलिमीटर जाड. कॅल्क्युलेटरवर काढलं तर आधीचा कोन साधारण १५ अंश, आता १७. चालण्यासारखा. १००० नंबरचा दगड, मग ४०००, मग ८०००. चार संध्याकाळी गेल्या.

गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढला. खाली काळे खड्डे राहिले. ते घासून घालवता आले असते, पण तेवढं पोलादही गेलं असतं. पाठीवर एक सपाट झिजलेली पट्टी आहे, आजोबांनी वर्षानुवर्षं दगडावर फिरवल्याची. तिला हात लावला नाही.

बाबा पेपर वाचायचं सोंग करत बघत होते. मी लायब्ररीत वाचलेलं त्यांना सांगितलं, की १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे नव्हतं. बाबा काहीच बोलले नाहीत.

शेवटच्या दिवशी मी जुना चामडी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे. उलट केलं तर पट्टाच कापतो. मी सावकाश, मोजून चालवत होतो. बाबा उठले, माझ्या हातातून वस्तरा घेतला आणि सटासट फिरवू लागले. टोकाला गेला की पाठीवरच पालटायचा, पट्ट्यावरून न उचलता. तीस वर्षं ऑफिसात फायली हलवलेला माणूस! आजी दारात येऊन उभी राहिली.

मग त्यांनी स्वतःच्या मनगटावरचे चार केस उडवून बघितले. दोनच उडाले.

"टोकाकडे अजून लागली नाही," बाबा म्हणाले. "दगड भिजव परत."