बधिर हाताचा पुरावा



हाताला मुंग्या येतात हे सांगायला आपला माणूस लाजतो. रक्त आलं तर तो दाखवतो. बोट मशीनमध्ये गेलं तर चार माणसं धावत येतात. पण बधिरपणा कुणाला दाखवायचा? त्याला रंग नाही, सूज नाही, ताप नाही. मुकादम म्हणतो, "नाटकं करू नकोस." शेठ म्हणतो, "काम जमत नसंल तर घरी बस." आणि हळूहळू आपल्यालाच वाटाय लागतं की आपण कामचोर आहोत.

मी चिंचोटीला राहतो. हायवेवरून कामण-भिवंडीचा रस्ता फुटतो तिथं. त्याच खड्ड्यांच्या रस्त्यानं टेम्पोत बसून भिवंडीकडच्या एका यंत्रमाग कारखान्यात जातो. बारा तासांची पाळी, माझ्या वाट्याला आठ माग. तार तुटली की गाठ मारायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि मनगटाची एक हिसकी. पाळीत किती गाठी होतात ते मी कधी मोजलं नाही. मनगटानं मात्र मोजलं असणार.

माझा पणजा मुंबईच्या गिरणीत त्रासनखात्यात होता. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असायचा आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. आज माझ्या हाताखाली आठ माग आहेत. सुताला माझी जात कुणी विचारत नाही. पण हजेरीच्या वहीत माझं नाव पक्कं नाही.

मागच्या पावसाळ्यात रात्री झोपेतून उठायला लागलो. उजवा हात मेल्यासारखा. झटकला की जीव यायचा. मग दिवसाही पेन हातातून गळायला लागलं. कविता लिहायला बसलो की चार ओळींत बोटं जड. आयनं खोबरेल तेल चोळलं. शेजारची म्हातारी कुजबुजली, "महारोग तर नसंल?" दोनच दिवसांत एका घरानं आमच्याकडचं पाणी घेणं बंद केलं. तेही आपल्यातलंच घर. शिवाशिवीची शाळा ज्यांनी सोसली, ते ती दुसऱ्यावर चालवतात तेव्हा जास्त लागतं.

म्हणून हे आधी सांगतो. कुष्ठरोगातही बधिरता येते, हे खरं आहे. त्याचे जंतू कातडीत आणि नसांत घर करतात. डॉक्टर अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा बघतो. कोपराच्या मागची नस जाड झालीय का ते चाचपतो. डोळे मिटायला लावून बॉलपेनचं टोक किंवा नायलॉनचा बारीक धागा टेकवून विचारतो, कळलं का? १९८१ पासून दोन-तीन औषधं एकत्र देण्याचा इलाज जगभर मान्य झाला. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो, आणि औषध सुरू झालं की रोग्यापासून लागण होण्याची भीती लवकरच संपते. तेव्हा हा रोग निघाला तरी पाणी बंद करायचं कारण नाही. नाही निघाला तर नाहीच नाही.

माझ्या अंगावर चट्टा नव्हता. कोपराची नस ठीक होती. डॉक्टरनं विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात?" मी म्हटलं, "नाही, करंगळी सोडून." तो म्हणाला, "मग मनगट बघू." अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यांना एकच नस जाते. ती मनगटात एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याच बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्याही जातात. सारखं घासून तिथं सूज आली की नस दबते. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते. कुठलं बोट, एवढ्या एका प्रश्नात अर्धा रोग कळतो.

मग तपासणी. लोक तिला 'करंटवाली टेस्ट' म्हणतात आणि घाबरतात. मीही घाबरत गेलो. हाताला तेल लावून येऊ नका, असं आधीच सांगितलं होतं. हात गार होता म्हणून आधी गरम केला, कारण थंड हाताच्या नसेत निरोप मंद चालतो आणि हिशेब चुकतो. छातीत पेसमेकर असला किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर आधी सांगायचं, हेही विचारून घेतलं.

पहिला भाग एन.सी.व्ही. मनगटावर विजेचा छोटा झटका, अंगठा आपोआप उडतो. अंगठ्याच्या बुडाशी चिकटवलेली तार सांगते, निरोप किती वेळात पोचला. निरोगी हाताच्या नसेत निरोप सेकंदाला ५० मीटर किंवा जास्त वेगानं धावतो. म्हणजे ताशी १८० किलोमीटर, आमच्या हायवेवरच्या ट्रकच्या तिप्पट. कोपरापासून मनगटापर्यंत माझा निरोप नीट आला. मनगटात मात्र अडकला. जिथं साधारण साडेचार मिलिसेकंदांच्या आत पोचायला हवं, तिथं माझ्या उजव्या हाताला ५.८ लागले.

दुसरा भाग ई.एम.जी. बारीक सुई स्नायूत घालतात. भूल देत नाहीत. दुखतं, खोटं कशाला सांगू. सुईला जोडलेला भोंगा असतो. स्नायू सैल सोडला की भोंगा गप्प राहायला हवा. नस तुटून स्नायू पोरका झाला असेल तर तो स्वतःशीच तडतडतो, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. मी श्वास रोखून ऐकत होतो. पत्र्याखाली जन्म गेला, तो आवाज मला ओळखू आला असता. भोंगा गप्प राहिला. डॉक्टर म्हणाला, "नस दबलीय, मेलेली नाही. रात्री मनगटाला पट्टी बांध, हाताला आराम दे. नाही ऐकलंस तर अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजेल. मग ऑपरेशन केलं तरी सगळी ताकद येईलच असं नाही."

नस मेली तर नवी फुटायला दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, एवढाच तिचा वेग. हेही ध्यानात ठेवा की मशीनला सगळं दिसत नाही. दुखणं आणि उष्ण-थंड सांगणारे फार बारीक तंतू या तपासणीत पकडले जात नाहीत. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी माणूस खोटा ठरत नाही.

आता बाबासाहेबांची गोष्ट. घटनेचं काम चालू असताना, १९४८ च्या सुमाराला, त्यांचे पाय नसांच्या दुखण्यानं ठणकत होते. मधुमेह होता, झोप नव्हती. मधुमेह नसा जाळतो, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. त्याच १९४८ मध्ये जिवंत माणसाच्या नसेतला वेग मोजून रोग ओळखायचं काम अमेरिकेत होड्स आणि त्याच्या सोबत्यांनी छापलं. आणि त्याच वर्षी इथं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. त्याच्या मागं १९४४ चा अदारकरांचा अहवाल होता, आणि तेव्हा मजूरखात्याचे मंत्री बाबासाहेब होते. स्वतःचे पाय ठणकत असलेल्या त्या माणसानं आपल्या हातांची तजवीज आधी केली होती.

ती तजवीज माझ्यापर्यंत पोचली नाही. दहा माणसं कामाला असली की ई.एस.आय. लागू होतो. आमच्या शेडात चाळीसजण, पण कागदावर पाच कारखाने. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा वाटा ठरला. त्या सव्वातीन टक्क्यांसाठी एका भिंतीच्या पाच भिंती झाल्या. तपासणीचे अडीच हजार मी उसने घेतले. निरोप मनगटातच अडकतो असं नाही, दोस्तहो.

रिपोर्ट शेठपुढं ठेवला. तो आकडे बघून म्हणाला, "हे काय हाय?" मी म्हटलं, "नाटक किती मिलिसेकंदांचं असतं ते हाय." त्यानं चार माग कमी केले, आणि पगारही तेवढाच कमी केला. लढाई अजून व्हायचीय.

वस्तीत, शेडात काम करणाऱ्या पोरांना एवढंच सांगायचंय. हात बधिर झाला तर लपवू नका. कुठलं बोट, रात्री की दिवसा, कधीपासून, वस्तू गळते का, हे तारखेनिशी लिहून ठेवा. पायाला मुंग्या असतील तर आधी साखर तपासा. अंगावर चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात जा. आणि ज्याचा हात बधिर झालाय त्याच्या घरचं पाणी प्या.

मी शेडात विचारत फिरलो. आज माझ्या वहीत अकरा जणांची बोटं लिहिलीत. त्यात तीन बाया आहेत, दोन यूपीचे आहेत, एक आमच्याच कामणचा वारली आहे. आठ जणांची करंगळी शाबूत आहे. पाच कारखान्यांच्या पाच कागदांवर ही अकरा माणसं वाटलेली आहेत. वहीत ती एका पानावर आहेत. हे पान घेऊन आम्ही ई.एस.आय.च्या कचेरीत जाणार आहोत.

जय भीम.