पुस्तक मिटल्यानंतर

अभ्यासाला बसणे आणि अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी मला महाविद्यालयाचे एक अख्खे वर्ष आणि आईच्या हातातील दोन बांगड्या मोजाव्या लागल्या. पुढे आयुष्यभर मी वनस्पतिशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त होऊनही काही वर्षे लोटली. परंतु त्या वर्षाची आठवण आजही पूर्णपणे बोथट झालेली नाही. परवा माझ्या पुतणीने तिच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि ती पुन्हा टोचली.

१९७९ साली मी मुंबईतील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. दहावीपर्यंतचे शिक्षण गावातल्या मराठी शाळेत झालेले. अकरावी-बारावी पाठांतराच्या जोरावर निभावली होती. आमचे घर वसईचे, बागायतीचे. केळी, पानवेल आणि थोडा भाजीपाला. घरातून महाविद्यालयात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे माझा अभ्यास ही एकट्या माझी बाब राहिली नव्हती. मी पुस्तक उघडले की धाकटी भावंडे कुजबुजत बोलत. बाबा रेडिओ बंद करीत. ओट्यावरून जाणारी शेजारीण आईला म्हणे, "पोर फार अभ्यास करतो हो तुझा!" आणि आई काही न बोलता पदर सारखा करी.

मी अभ्यासाला बसत होतो, हे खोटे नव्हते. रात्री बारा-साडेबारापर्यंत दिवा जळत असे. प्राध्यापक इंग्रजीतून भराभर सांगत. त्यांतले जेवढे हाती लागेल तेवढे मी उतरवून घेई. घरी आल्यावर मित्राच्या वहीतून उरलेले उतरवी आणि मग ते सारे सुवाच्य अक्षरात दुसऱ्या वहीत लिहून काढी. लाल शाईने मथळे, निळ्या शाईने मजकूर, पट्टीने आखलेल्या रेघा. माझ्या वह्या वर्गातील मुले मागून नेत. एकच पान चार-पाच वेळा वाचले की ते ओळखीचे वाटू लागे आणि ओळखीचे वाटले की मी पुढचे पान उलटी. रोज रस्त्यात दिसणारा माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो. पण कोणी त्याचे नाव विचारले म्हणजे आपली पंचाईत होते. परीक्षेत माझे नेमके तेच झाले. प्रश्न वाचताच ते पान डोळ्यांसमोर येई, लाल मथळासुद्धा दिसे. मात्र त्याखाली काय लिहिले होते ते येत नसे.

१९८० च्या उन्हाळ्यात निकाल लागला. तीन विषयांत मी नापास होतो आणि त्या वर्षी मला पुढे जाता येणार नव्हते. बाबा दिवसभर वाडीत राहिले, जेवायलाही आले नाहीत. आईने विचारले ते एवढेच, "पुन्हा बसायला किती पैसे लागतात?" शुल्क, पुस्तके, रेल्वेचा पास असा हिशेब मी सांगितला. पुढच्या आठवड्यात तिच्या हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या उरल्या होत्या. सोन्याच्या दोन बांगड्या कोठे गेल्या हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. विचारायला तोंड नव्हते.

आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन ती अंधेरीच्या बाजारात जाई आणि दुपारी परत येई. तिची बरीच गिऱ्हाईके उधारीची. वही ती कधीच बाळगीत नसे. रात्री जेवणे झाली की मागल्या दारी बसून ती दुसऱ्या दिवसाच्या मेथीच्या नि मुळ्याच्या जुड्या बांधी आणि बांधता बांधता स्वतःशीच बोले: तिसऱ्या माळ्यावरची बाई, सव्वा रुपया, कोपऱ्यावरचे डॉक्टर, मागचे आठ आणे धरून दोन रुपये, शाळेतल्या बाईंनी दिले, त्या सुटल्या. एखादे नाव आठवले नाही तर हात थांबत. आठवेपर्यंत ती पुढची जुडी बांधीत नसे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि त्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नव्हते.

त्या जून महिन्यात मी पुन्हा त्याच वर्गात, वर्षाने लहान असलेल्या मुलांत जाऊन बसू लागलो. पहिल्याच आठवड्यात एका रात्री जुड्या बांधताना आईने विचारले, "आज काय शिकवलं? मला सांग."

"तुला नाही समजणार, आई."

"मला समजेल तसं सांग ना. तुला समजलंय ना?"

त्या दिवशी केळीवरच बोलणे झाले होते. मी घरच्या बोलीत सांगू लागलो की, आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो ते खरे खोड नव्हे. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळून ते तयार झालेले असते आणि खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. आई हसली. "ते तर सोलताना दिसतंच. मग घड कापल्यावर केळ मरते का? पेरू काढला म्हणून पेरूचं झाड मरत नाही."

मला उत्तर येत नव्हते. वहीत पाहिले, वहीतही नव्हते. दुसऱ्या दिवशी धीर करून मी प्राध्यापकांना विचारले. महाविद्यालयात स्वतः होऊन विचारलेला माझा तो पहिला प्रश्न. त्यांनी वर्गातल्या टेबलावर खडूने आकृती काढून दाखवली. कंदाच्या ज्या वाढत्या टोकातून पाने निघत असतात तेच टोक एक दिवस केळफूल होते आणि गुंडाळलेल्या पानांच्या मधून दांड्यावर चढत वर येते. टोक फुलात संपले की त्यातून नवे पान येणे नाही. पुढचा वंश चालवायचा तो बाजूला फुटलेल्या पिल्लांनी. रात्री हे आईला सांगितले. जुडी हातात तशीच धरून तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे एकदाच." परीक्षेत हा प्रश्न आला नाही, पण आज कोणी मला झोपेतून उठवून विचारले तरी मी त्याचे उत्तर देईन.

त्यानंतर तो रोजचाच क्रम झाला. मी वही मिटून सांगायचे आणि आईने "का?" विचारायचे. एखाद्या ठिकाणी मी इंग्रजी शब्दांची नुसती माळ ओढू लागलो की तिच्या चेहऱ्यावरूनच कळे, आणि ती माळ मलाही कळलेली नव्हती हे माझ्या तेव्हाच ध्यानात येई. बोलीत सांगता आले म्हणजे अर्थ हाती लागला; मग तेच इंग्रजीतून कागदावर मांडणे उरे. तो खटाटोप वेगळा होता आणि लहान नव्हता. इंग्रजी काही आईला सांगून आले नाही. त्यासाठी रोज दहा वाक्ये न बघता लिहायची आणि मग पुस्तकाशी ताडून पाहायची, एवढाच मार्ग मला सापडला. त्या वाक्यांत पुष्कळ दिवस चुकाच अधिक असत.

उरलेले शिक्षण विरार गाडीने केले. चर्चगेटहून वसई रोडला यायला सव्वा तास लागे. त्या गर्दीत पुस्तक उघडायचे म्हणजे पुढल्या माणसाच्या पाठीवरच उघडावे लागले असते. आदल्या वर्षी तो वेळ मी फुकट गेला म्हणून हळहळत असे. आता मनातल्या मनात दिवसाचे तास उजळू लागलो: पहिला तास कशावर होता, सुरुवात कोठून झाली, फळ्यावर आकृती कोणती होती. दादरपर्यंत एक विषय, बोरिवलीपर्यंत दुसरा. जे आठवत नसे ते भाईंदरच्या खाडीवर गाडी आली की पुन्हा एकदा आठवून पाहायचे आणि तरीही हुलकावणी दिली तर नायगाव गेल्यावर, गर्दी थोडी सैल झाली की, खिशातल्या चिठ्ठीवर केवळ त्याचे नाव लिहायचे. घरी गेल्यावर पुस्तक उघडायचे ते त्या चिठ्ठीपुरते. चिठ्ठ्या मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवी आणि रविवारी दुपारी डबा उपडा करून सबंध आठवड्याची झाडाझडती घेई. जी आठवली ती चिठ्ठी महिनाअखेरीसाठी बाजूला, नाही आठवली ती पुन्हा डब्यात.

रात्रीचे जागरण मात्र मी सोडले. आई साडेतीनला उठे. तिच्यासाठी दिवा लागलेलाच असे, चहाही होई. मग मीही तिच्याबरोबर उठू लागलो आणि रात्री नवालाच झोपू लागलो. ती पाटी उचलून गेली की सकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंतचा वेळ माझा. मनाचा निश्चय वगैरे म्हणतात तो माझ्यात फारसा नव्हता. आई समोर उठलेली असताना अंथरुणात पडून राहण्याची लाज वाटे, एवढेच. सवय लागण्यासाठी काही वेळा लाजही उपयोगी पडते, असे माझे मत आहे. मानसशास्त्र जाणणाऱ्यांना ते पटेलच असे नाही.

सारेच सुरळीत झाले असे कोणी समजू नये. परीक्षेच्या आधी गावात लग्नांची दाटी असते. मांडव, बँडबाजा, रात्रभर चाललेली गाणी! सख्ख्या मामेबहिणीच्या लग्नाला मी केवळ चर्चमधल्या विधीपुरता गेलो आणि मांडवात न थांबता परतलो. मामी त्याबद्दल पुढे कित्येक वर्षे मला टोमणे मारीत असत. आज विचार करता वाटते, त्यांचे चुकले नव्हते. एक संध्याकाळ थांबलो असतो तर वनस्पतिशास्त्राचे काही बिघडले नसते. परंतु एकदा पोळलेल्या मुलाला ते कोण सांगणार? १९८१ साली मी उत्तीर्ण झालो. पहिला वर्ग वगैरे नाही, दुसरा. बाबांनी त्या संध्याकाळी रेडिओ मोठ्याने लावला.

पुढे शिकवू लागल्यावर कळले की, हे सारे विद्वानांनी केव्हाच तपासून ठेवलेले आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजी. एका तासातच निम्म्याहून अधिक बचत नाहीशी झालेली असे. दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरे, महिन्यानंतर पाचवा हिस्सा. म्हणजे विसरण्याचा पहिला तडाखाच मोठा, पुढची झीज सावकाश. माझा गाडीतला सव्वा तास नेमका त्या पहिल्या तडाख्यात पडत होता, हे वाचून मला हसू आले. अमेरिकेत फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची एक पद्धत मांडली. तीत प्रश्न मनात धरून वाचणे आणि मग पुस्तकाकडे न पाहता सांगणे या पायऱ्या आहेत. २००६ साली तिकडच्याच रोडिगर आणि कार्पिकी यांनी केलेला प्रयोग तर मी प्रत्येक वर्गाला सांगत असे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते. गंमत अशी की, आपल्या लक्षात राहील याची अधिक खात्री वाटत होती ती वाचणाऱ्यांनाच.

ही खोटी खात्रीच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. पुस्तक उघडे असते तोवर आपल्याला सारे येत असते. ते मिटले की आपण उघडे पडतो आणि कोणाला उघडे पडायला आवडते? तीस वर्षांच्या शिकवण्यात मी हजारो मुलांना हा उपाय सांगितला असेन. बहुतेकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन पुन्हा वाचनच केले. मी त्यांना दोष देत नाही. न आठवण्याचे ते क्षण फार अपमानाचे असतात. माझ्यापाशी निदान मागल्या दारी बसलेली एक बाई होती, जिच्यासमोर अडखळण्याची लाज वाटत नसे.

नोकरी लागल्यावर मी आईसाठी दोन बांगड्या केल्या. ती बाजाराला जाताना त्या काढून डब्यात ठेवी. "गर्दीत कशाला?" म्हणे. डबा तोच, चिठ्ठ्यांचा.

तर, परवा पुतणी आली. ती दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर आली आहे, आणि तिच्या वह्या पाहून मी क्षणभर गप्पच राहिलो. मथळे गुलाबी, व्याख्या पिवळ्या, महत्त्वाचे ते हिरवे. मोबाईलवर आणखी तितकेच. "काका, चार वेळा वाचून झालंय," ती म्हणाली, "तरी पेपरात काही सुचत नाही. मी ढ आहे का हो?"

मी तिच्या हातातून वही घेतली, मिटली आणि टेबलावर पालथी ठेवली. मोबाईलही तिच्यावर ठेवला. काकू आत भाजी निवडत होती, तिला बाहेर बोलावून खुर्ची दिली.

"आता काकूला सांग," मी म्हटले, "शेवटचं प्रकरण कशावर आहे?"

तिने सुरुवात केली. दोन वाक्ये बरी गेली. तिसऱ्याला ती थांबली, हात वहीकडे गेला आणि माझ्याकडे पाहून परत मागे आला. काकूच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. बाहेर संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होऊन गेली. आम्ही दोघेही थांबून राहिलो.