शेळ्यांनी बांधलेलं घर

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडे आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही गावातले एकत्र घर सोडून शेतात राहायला आलो. तेव्हा आमच्याकडे दोन शेळ्या, पाच कोंबड्या आणि एक पत्र्याचे खोपट एवढेच होते. आज सात शेळ्या आहेत आणि दोन खोल्यांचे घर होत आले आहे. ते कसे झाले ते मी सांगते.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते खरेच आहे. आमच्या शेळ्या उस्मानाबादी जातीच्या आहेत. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळीचे नाव तेच राहिले. त्यांचा रंग काळा आणि कान लांब, लोंबते. शेळी पाच महिन्यांनी विते आणि आमच्या शेळ्या पुष्कळदा दोन करडे देतात. करडू जन्मले की लवकरात लवकर त्याला आईचा चीक पाजावा लागतो. ते काम माझे. पाऊसकाळाच्या आधी आण्णा सगळ्या शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून आणतात. मी शाळेतून आले की शेवरीचा पाला आणि बाभळीच्या शेंगा आणते.

ओल्या जागेत शेळ्यांचे खूर खराब होतात. म्हणून आम्ही उंचावर मुरूम टाकून आधी गोठा बांधला. घराच्या आधी गोठा! शेजारचे काका हसले. पण आज्जी म्हणाली, "मुक्या जिवाला थांब म्हणून सांगता येत न्हाई. आपण थांबू."

आज्जीचा नियम असा, की बोकड विकायचा आणि पाठ ठेवायची. पहिला बोकड बाजारात नेला तेव्हा मी जेवले नाही. पुढे दोन बोकडांच्या पैशांत विटांची एक ट्रॉली आली. अंड्यांचे पैसे आई डब्यात टाकते. त्यातून खिळे, बिजागऱ्या आणि तार आली. कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. मुंगूस टपलेले असते, म्हणून रात्री ती डाल्याखाली झाकतो.

आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणला. आण्णांना वर माळवद करायचे होते, कारण ते उन्हाळ्यात गार राहते. आज्जी नको म्हणाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. आज्जीची धाकटी बहीण त्यात गेली. म्हणून आमच्या भिंतींत सिमेंट आणि सळईचे आडवे पट्टे आहेत आणि वर हलके पत्रे.

पण गेल्या मे महिन्यात पत्र्यांना पैसे कमी पडले. पाऊस तोंडावर आला होता. एक व्यापारी आमची चांदी शेळी मागायला आला. चांगली किंमत देत होता. चांदी गाभण होती. आण्णा गप्प बसून राहिले. मग आज्जी म्हणाली, "आरं, फळाचं झाड तोडून कुणी दाराची चौकट करतंय का?" आई म्हणाली, "एका खोलीवर पत्रे टाकू. एक खोली यंदा उघडीच राहू दे."

तसेच झाले. पावसाळाभर आम्ही पाच माणसे एकाच खोलीत झोपलो. भिंतींना गिलावा नव्हता, दाराला पोते लावले होते. दिवाळीच्या आधी चांदीने दोन पाठी दिल्या. दोघींच्या कानांवर पांढरे ठिपके आहेत.

आण्णा म्हणतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या खोलीवर पत्रे पडतील. मी तिथे अभ्यासाला बसणार आहे. खिडकी गोठ्याच्या बाजूलाच ठेवली आहे, म्हणजे करडे ओरडली की मला लगेच ऐकू येईल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सहावी